यंदाची दिवाळी एकटीने, घरीच, मजेत करायची आहे. अजून कोणी करतं का अशी?

अबोली_कोथरूड

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एकटी राहते, पंचेचाळिशी ओलांडली, बँकेत नोकरी. लग्न केलं नाही. आई होती तोपर्यंत दिवाळी आमची दोघींची असायची, ती गेल्यावर दरवर्षी दादाकडे बंगळुरूला जायला लागले. दादा-वहिनी अगदी मनापासून बोलावतात, भाचरं वाट बघत असतात, त्याबद्दल काही म्हणणं नाहीच. पण सणाच्या तोंडावर बँकेत काउंटरला ही गर्दी, मग दिवाळीतलं ते वाढलेलं बसभाडं भरून रात्रभर प्रवास, पोचेपर्यंत तिकडे अभ्यंगस्नान उरकलेलं, आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी ड्यूटी.

मागच्या वर्षी रजाच मिळाली नाही म्हणून घरी राहिले. आधी फार हिरमुसले होते. पण धनत्रयोदशीला संध्याकाळी कामावरून आले, कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवला, धने-गुळाचा नैवेद्य दाखवला आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले तर उठावंसंच वाटेना. कोणाचं आवरायचंय, कुठे निघायचंय, काही नाही. नरकचतुर्दशीला गजराआधीच जाग आली, उटणं लावून कडकडीत पाण्याने आंघोळ केली, रेडिओवर सनई आणि मग कीर्तन लागलं होतं, फराळाची ताटली घेऊन ते पूर्ण ऐकलं. दादाकडे एवढ्या माणसांत कीर्तन शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे आणून केरसुणीची पूजा केली, आई करायची तशीच, तिच्याच क्रमाने. डोळे भरून आले पण वाईट वाटून नाही.

तर यंदा रजा मिळत असूनही मी घरीच राहायचं ठरवलंय. दादाला सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्प झाला आणि मग म्हणाला बघ बाई तुझी इच्छा. वहिनीला वाटतंय काहीतरी बिनसलंय. ऑफिसातल्या दोघीतिघी म्हणाल्या अगं एकटी काय करणार, आमच्याकडे ये जेवायला. प्रेमानेच म्हणतात पण त्यात जी कीव असते ना ती मला नकोय.

विचारायचं असं की तुमच्यापैकी कोणी ठरवून अशी दिवाळी करतं का? फराळ एका माणसापुरता कसा करता, कारण मला आईची सगळी मापं किलोतलीच माहितीयेत. पाडवा आणि भाऊबीज हे दोन दिवस तर माणसांचेच, ते कसे जातात? आणि बोलावणाऱ्यांना न दुखवता काय सांगता?

डोंबिवलीकर_काका

अबोलीताई, पोस्ट वाचून फार बरं वाटलं. मी रेल्वेतून निवृत्त, आमची सौ. दोन वर्षं लागोपाठ दिवाळीत लेकीकडे परदेशात, नातवंडांसाठी. मला तिकडची थंडी मानवत नाही म्हणून मी इथेच. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी इतकं सांभाळून घेतलं की चारही दिवस दुसऱ्यांच्या घरी जेवलो आणि रात्री परत आलो की आपल्या घरात दिवा लागलेला नाही याचंच वाईट वाटायचं. दुसऱ्या वर्षी ठरवलं की आधी आपल्या उंबऱ्यावर पणती, मग बाकीचं.

माझा दिवस सांगतो. पहिल्या आंघोळीला पहाटे फडके रोडला चक्कर मारतो, गणपतीच्या देवळात दर्शन. तिकडे तरुण पोरापोरींची ही गर्दी, सगळे नटूनथटून आलेले, कित्येक वर्षांची पद्धत आहे आमच्या डोंबिवलीची. तासभर बघायला फार आनंद होतो आणि तासाभराने घरी यायलाही तेवढाच आनंद होतो. म्हणजे माणसं नकोत असं नाहीच, ती किती वेळ हवीत ते आपल्या हातात असलं की झालं.

मग दिवाळी अंक. खरी दिवाळी माझी तिथे सुरू होते. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, शंभर वर्षं कधीच उलटून गेली. जगात कुठे सणाला लोक एवढ्या संख्येने साहित्याचे अंक काढत असतील असं मला वाटत नाही, आणि अंक वाचायला एकांतच लागतो हो. घर भरलेलं असताना कथा अर्ध्यावर सोडून चहा टाकायला उठावं लागतं. आता अंकांच्या किमती फार वाढल्यात, तीन-चार विकत घेतो, बाकी वाचनालयाच्या योजनेत. एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून आणता येतात. ताई तुमच्याकडे कोथरूडात वाचनालयं असतीलच, चौकशी करा. आधी कथा वाचायच्या, लेख मागून, भविष्य सगळ्यात शेवटी, असा माझा क्रम.

कुडाळकरीण

अबोली, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून अगं म्हणते. मिस्टर जाऊन काही वर्षं झाली, मुलगा-सून मुंबईला, ती गणपतीला येतात न चुकता कारण आमच्याकडे कोकणात गणपती म्हणजे सगळं. दिवाळीला त्यांना रजा उरत नाही आणि मी मुंबईला जात नाही, दोघांनाही ते मान्य आहे.

आमच्याकडे चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे तुळशीसमोर कारीट, म्हणजे एक लहान कडू रानफळ, फोडतात, डाव्या पायाच्या अंगठ्याने, गोविंदा गोविंदा म्हणत. त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच गोड. मी एकटीच असते तरी ते चुकवत नाही, आणि गोविंदा मोठ्याने म्हणते, पलीकडच्या वाडीतून कोणीतरी ओ देतंच. मग पोहे. नव्या भाताचे पोहे, गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, ताकातले, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. पूर्वी पाच-सहा प्रकार व्हायचे, आता दोन करते, गूळ-खोबऱ्याचे आणि ताकातले. ते करायला पाव तास पुरतो. तळणाचा फराळ आमच्या लहानपणी एवढा नव्हताच, चावदिस म्हणजे पोहे. तेव्हा तुला किलोकिलोने तळता आलं नाही तर दिवाळी झाली नाही असं मनात आणू नको.

पाडव्याचं विचारलंस. तो दिवस जड जातो, उगाच नाही म्हणत नाही. पहिली काही वर्षं मी त्या दिवशी लवकर झोपायचे. आता काय करते, हे होते तेव्हा पाडव्याला त्यांना ओवाळायचे ते निरांजन घासूनपुसून लावते, त्यांच्या आवडीची खीर करते, वाटीभर खाते, आणि वाटीभर शेजारच्या म्हातारीला देते. मुलाचा फोन येतो. बस. तो दिवस भरून काढायच्या मागे मी लागत नाही, जेवढा रिकामा आहे तेवढा राहू देते आणि बाकीचे दिवस चांगले जातात.

भाऊबीजेला भाऊ लांब असला तर चंद्राला ओवाळतात हे तुला माहीत असेलच. द्वितीयेची कोर लवकर मावळते हां, सूर्य बुडाला की गच्चीवर जाऊन पश्चिमेलाच बघायचं, उशीर केलास तर दिसणार नाही.

नानासाहेब_सातारा

माफ करा पण मला हे पटलेलं नाही, आणि मी भांडायला लिहीत नाहीये. आमच्या घरी सातारला दिवाळीला पंचवीस-तीस माणसं जमतात, चुलत, आते, मामे सगळी. पोरं अंगणात किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात, भांडतात, रडतात. मी म्हणतो सण हा माणसं एकत्र यावीत म्हणूनच केलेला आहे. वसुबारसेला गाय-वासराची पूजा, पाडव्याला नवरा-बायको, भाऊबीजेला भाऊ-बहीण, एकेक दिवस एकेका नात्याला दिलेला आहे आपल्या लोकांनी. तो एकट्याने केला तर उपचार होईल, सण कसा होईल? आणि भाचरांना आत्या दिसली नाही तर उद्या ती पोरं तरी कशाला कोणाकडे जातील? ताई, आजचं निवांत वाटणं खरं असेल, पण आणखी वीस वर्षांनी हात धरायला माणूस लागतं आणि ती माणसं सणावारीच बांधलेली राहतात. राग मानू नका.

अबोली_कोथरूड

नानासाहेब, राग अजिबात नाही, उलट एवढं मनापासून लिहिलंत. तुमच्या घरची दिवाळी वाचूनच छान वाटलं आणि ती तशीच राहावी. पण माझं घर तसं नाही ना. दादाकडे मी जाते ते तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, वहिनीच्या माहेरचे असतात, तीसुद्धा दमलेली असते, मला झोपायला हॉलमध्ये गादी घालतात आणि सगळेजण एकमेकांची काळजी घेत घेत थकतात. त्यापेक्षा मी डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला पोरांची शाळा बंद असते तेव्हा आठवडाभर जाणार आहे, तिकीटही काढलंय. तेव्हा ना कोणाला फराळाची घाई ना पाहुण्यांची, मी आणि भाचरं मनसोक्त. आत्या त्यांना दिसणारच आहे.

आणि एकेक दिवस एकेका नात्याला हे तुमचं म्हणणं मला आवडलं, पण पहिल्या आंघोळीला आणि लक्ष्मीपूजनाला तर फक्त दिवा, पाणी, घर एवढंच लागतं. घर झाडून पुसून, दार उघडं ठेवून, ती येईल म्हणून वाट बघायची. ते मी माझ्या घरात, माझ्या कमाईच्या घरात करायचं म्हणतेय. आयुष्यभर बहीण-मुलगी म्हणून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर रांगोळी काढली, आता स्वतःच्या उंबऱ्यावर काढताना उपचार वाटत नाही हो मला, खरंच नाही.

कुडाळच्या मावशी (म्हटलं तर चालेल ना), पाडव्याचं वाचून कितीतरी वेळ काही टाईपच झालं नाही. चंद्राचं नक्की करणार.

श्रावणसर_नाशिक

ताई, फराळाच्या मापांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मी पण एकटीच राहते आणि दरवर्षी घरीच करते.

करंजी आणि अनारसे सोडून द्या. करंजी हे तिघींचं काम, एकीने लाटायची, एकीने भरायची, तिसरीने तळायची, एकटीने केलं तर पाऱ्या वाळतात आणि कडा सुटतात. ती ओळखीच्या काकूंकडून पाव किलो विकत आणायची. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मग गूळ घालून पीठ मुरवा, एवढं एका ताटलीसाठी कोण करेल.

चिवडा मात्र घरचाच. पाव किलो पातळ पोहे, एक दिवस उन्हात, ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायचे, मूठभर दाणे, मूठभर डाळं, खोबऱ्याचे काप, भरपूर कढीपत्ता. पातेल्यात फोडणी करायची म्हणजे सांडत नाही. पिठीसाखर आणि मीठ फोडणी कोमट झाल्यावर. पाव किलोचा मोठा डबा भरतो, एका माणसाला पंधरा दिवस.

बेसनाचे लाडू, एक वाटी जाडसर बेसन, अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर. सात-आठ लाडू होतात. एकटीने करायचा हाच खरा पदार्थ कारण बेसन भाजायला घाई चालत नाही, मंद गॅसवर अर्धा तास तरी ढवळत राहायचं, सुरुवातीला तूप कमी वाटतं पण ते सुटतंच नंतर, वास सगळ्या जिन्यात जातो. पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालायची नाही, नाहीतर साखर विरघळून मिश्रण सैल होतं आणि लाडू बसतात. मी रेडिओ लावते आणि ढवळत बसते, वर्षातला माझा सगळ्यात आवडता अर्धा तास आहे तो.

चकलीची भाजणी घरी करायची तर एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभराडाळ आणि पाव किलो उडीदडाळ हे आईचं माप असेल तुमचं. तेच वाटीत करा, चार वाट्या, दोन, एक. पण गिरणीवाला एवढं थोडं दळायला कुरकुर करतो म्हणून मी बचत गटाची तयार भाजणी आणते. एक वाटी भाजणीला साधारण एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेलाचं मोहन, तीळ, ओवा, तिखट, मीठ, उकड काढून चांगली मळायची. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दगड होते. लहान खोलगट लोखंडी कढई घ्या, तेल कमी लागतं.

आणि शेजारून झाकलेली ताटं येतील, त्यात सगळे प्रकार असतातच. रिकामं ताट परत द्यायचं नाही हे तुम्ही जाणताच, त्यात तुमचे चार लाडू जातील. म्हणजे सात-आठ करून पुरणार नाहीत, दोन वाट्यांचे करा.

परिचारिका_मी

हा धागा नाईट ड्यूटीच्या आधी वाचतेय. मी एका हॉस्पिटलात नर्स आहे, दिवाळीत बहुतेक ड्यूटीच असते, एखादी सुट्टी मिळते ती मी कुठेही न जाता घरात घालवते, पडदे ओढून झोपते, उठून तेल लावून न्हाते, वरणभात-तूप खाते. माझ्यासाठी तीच दिवाळी आणि ती फार सुखाची असते.

एकटं असणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते कारण दरवर्षी पेशंट बघते. पणत्या लावताना सिंथेटिक ओढणी, लांब बाह्यांचा नायलॉनचा कुर्ता नको, सुतीच घाला. पणती पडद्याजवळ नको, झोपताना सगळ्या विझवा, तळण चालू असताना फोन घ्यायला बाहेर जाऊ नका, आधी गॅस बंद करा. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, साधं पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. फोड आले असतील किंवा चेहऱ्याला-हाताला भाजलं असेल तर मग दवाखाना. आणि घराची एक किल्ली शेजारी विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, वर्षभर.

बर्फातला_कंदील

जर्मनीतून लिहितोय, म्युनिकजवळ. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, दिवाळी त्यानंतर आली तर पाच वाजताच अंधार पडतो. पहिली दोन वर्षं महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, चांगला असतो, पण तो सोयीसाठी शनिवारी ठेवलेला असतो, आणि खरी अमावास्या मात्र बुधवारी-बिधवारी, कामाच्या दिवशी. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन एकटा खिडकीत पणत्या लावतो. भारतातून आणलेला कागदी कंदील आहे, त्यात बॅटरीचा दिवा. बाहेर धुकं, रस्ता रिकामा, समोरच्या इमारतीतल्या एका आजींनी मागच्या वर्षी खाली थांबून हात केला, दुसऱ्या दिवशी त्यांच्याही खिडकीत मेणबत्ती होती.

आईला व्हिडिओ कॉल करतो पण आता दहाच मिनिटं. आधी तासभर फोन टेकवून ठेवायचो, तिकडचं सगळं बघत बसायचो आणि मग माझं घर आणखीच सुनं वाटायचं. ताई, हे मात्र करून बघा, त्या दिवशी मोबाईलवर दुसऱ्यांचे फोटो बघायचे नाहीत, निदान दिवे लावून होईपर्यंत.

बोलावणाऱ्यांना मी सरळ सांगतो की मी संध्याकाळी घरी पूजा करतो, तुम्हीच दुसऱ्या दिवशी चहाला या. पूजा म्हटलं की कोणी आग्रह करत नाही आणि ते खरंही असतं.

डोंबिवलीकर_काका

हे उत्तम सांगितलंत. ताई, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी नाहीतर दिवाळीनंतरच्या रविवारी ऑफिसातल्या मंडळींना फराळाला बोलवा. तुमच्या घरचे लाडू, कंदील, रांगोळी बघतील, मग कीव वगैरे राहणार नाही. नानासाहेबांचं म्हणणंही मला अगदी सोडून द्यावंसं वाटत नाही बरं का, मी स्वतः रोज संध्याकाळी खाली बाकावर अर्धा तास बसतो. पोरं फटाके उडवतात, पूर्वी मध्यरात्रीपर्यंत चालायचं, रात्री दहाच्या पुढे बंदी आल्यापासून जरा बरं आहे, दहाला वर येऊन दार लावलं की अंक आणि मी.

अबोली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. श्रावणसर, मापं वहीत उतरवून घेतली, लाडू दोन वाट्यांचेच करते. काका, रविवारी फराळाला बोलावणं आजच ग्रुपवर टाकलं, पाच जणी येतायत. परिचारिकाताई, आईचं सुती इरकल नेसूनच पणत्या लावीन. वहिनीला हा धागा पाठवलाय, तिचा लगेच फोन आला, म्हणाली पुढच्या वर्षी मी पण एक दिवस तुझ्याकडे एकटी येऊन राहू का, पोरांना दादाकडे ठेवून. मी म्हटलं ये गं.

मावशी, एकच विचारायचं राहिलं. कारीट पुण्यात मिळेल का? मला यंदा ते करून बघायचंय.

कुडाळकरीण

मावशी चालेल गो. मुंबईत दादरला बाजारात दिवाळीच्या आधी टोपलीत घेऊन बसतात हे मी स्वतः बघितलंय. पुण्यात मंडईत भाजीवाल्या बायकांना विचार, आदल्या दिवशी सकाळीच जा, संध्याकाळपर्यंत राहत नाहीत. हिरवंगार, लहान लिंबाएवढं घे. पिवळं पडलेलं नको, ते नुसतं चिरडतं, फुटत नाही. तुळशी नसेल तर दारातल्या कुंडीजवळ फोड, खाली कागद घाल म्हणजे रस फरशीवर पसरणार नाही.